गाडी कधी लागेल?

खानदेशातील बसस्थानकांवर दिवसभरात सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, हे शोधण्यासाठी कोणत्याही पाहणीची गरज नाही. ‘गाडी कधी लागेल?’ हा प्रश्न पहाटेच्या पहिल्या फेरीपासून रात्रीच्या मुक्कामी गाडीपर्यंत जळगावच्या नवीन बसस्थानकात विचारला जातो, धुळ्याच्या मध्यवर्ती बसस्थानकात विचारला जातो, आणि चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर अशा लहानमोठ्या स्थानकांवरही विचारला जातो. तो आधी चौकशीच्या खिडकीत विचारला जातो. तिथून ‘येईल, बसा’ असे उत्तर मिळाले की शेजारच्या बाकावरील प्रवाशाला, मग वर्तमानपत्र विकणाऱ्याला, मग रसवंतीवाल्याला आणि शेवटी चहा पिण्यासाठी उतरलेल्या, भलत्याच आगाराच्या चालकाला विचारला जातो. चौघांची चार उत्तरे येतात. त्यातील जे मनाला बरे वाटेल त्यावर विश्वास ठेवून प्रवासी पिशवी पायाशी घेऊन बसून राहतो.

ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष मिनिटांसह वर्षभर आधी छापून ठेवणारी ही संस्कृती आहे. सोलापुरात तयार होणारे पंचांग खानदेशातील घराघरात भिंतीला टांगलेले असते आणि मुंजी-लग्नाचा मुहूर्त पळभरही चुकू नये याची चिंता वाहिली जाते. त्याच घरातील माणूस बसस्थानकावर पाऊल ठेवताच ‘येईल तेव्हा येईल’ या वृत्तीला कसा शरण जातो, हे एक कोडेच आहे. चंद्राची गती ज्याला ठाऊक असते, त्याला एरंडोलची गाडी निघाली की नाही हे ठाऊक नसते.

हा विषय क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. केळीचा भाव, कापसाचे उत्पन्न, तापीचे पाणी, तरुणांचा रोजगार हे प्रश्न समोर उभे असताना बसस्थानकावरील पाटी आणि ध्वनिक्षेपक यांची काय मातब्बरी? पण बसस्थानकावर कोण उभे असते, याकडे एकदा नीट पाहावे. ज्याच्या दारात मोटार आहे तो तिथे नसतो. दुचाकीवाला तरुणही सहसा नसतो. तिथे असते ती बारावीची परीक्षा देणारी मुलगी, माहेरी निघालेली लेकुरवाळी, धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीस आलेला आणि संध्याकाळच्या आत गावी पोहोचू पाहणारा वृद्ध, बाजार आटोपून परतणारा लहान शेतकरी, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून कामासाठी आलेले मजूर कुटुंब. समाजातील जे घटक सर्वांत कमी बोलतात, त्यांची ही जागा आहे. त्यांच्या वेळेला किंमत नाही असे गृहीत धरल्यानेच ही अव्यवस्था इतकी वर्षे टिकली आहे. सकाळची एक फेरी चुकली तर मजुराचा दिवस बुडतो, रुग्णाची तपासणी पुढल्या आठवड्यावर जाते आणि विद्यार्थिनीचा पहिला तास हुकतो. याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

एसटीविषयी महाराष्ट्राच्या मनात असलेला जिव्हाळा खरा आहे आणि तो तिने कमावलेला आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर ही पहिली गाडी धावली, तेव्हा आजचे धुळे आणि जळगाव हे जिल्हे पश्चिम आणि पूर्व खानदेश या नावांनी ओळखले जात होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्यानंतर राज्य मार्ग परिवहन महामंडळाने ‘रस्ता तिथे एसटी’ हे वचन पुष्कळ अंशी पाळले. खानदेशातील कित्येक गावांना शिक्षक, टपाल, वर्तमानपत्र आणि नवी नवरी या चारही गोष्टी लाल गाडीनेच आणून दिल्या. आजही जळगाव विभागातील आगारे रावेरपासून चाळीसगावपर्यंत पसरली आहेत. धुळे विभागाचा पसारा तर दोन जिल्ह्यांचा आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी नवापूर, शहादा, अक्कलकुवा येथील एसटीचा कारभार धुळ्यातूनच चालतो. म्हणजे सुरतेच्या सीमेपासून बऱ्हाणपूरच्या सीमेपर्यंतचा सारा प्रदेश या दोन विभागांच्या भरवशावर आहे. एवढा मोठा भरवसा ज्या संस्थेवर आहे, तिच्याकडून ‘गाडी केव्हा, कुठून आणि कोणत्या मार्गाने’ या तीन प्रश्नांची उत्तरे मिळावीत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

यातील ‘कोणत्या मार्गाने’ हा प्रश्न परगावच्या माणसाला विशेष छळतो. जळगावहून चोपड्याला जाणारी गाडी विदगाव, अडावद अशी तापी ओलांडून जाऊ शकते आणि धरणगावकडूनही जाऊ शकते. पाटीवर ‘चोपडा’ एवढेच शब्द ठळक असतील आणि ‘मार्गे’ नंतरची अक्षरे पुसट झालेली किंवा काचेवरील धुळीत हरवलेली असतील, तर अडावदला उतरणाऱ्याने काय करावे? अमळनेरचेही तसेच. गावचा माणूस चालकाचा चेहरा पाहूनच गाडी ओळखतो. नवख्याला वाहकाने घंटी वाजवल्यानंतर, गाडी फाटकाबाहेर पडल्यावर कळते. मग ‘थांबवा हो’ म्हणत उतरायचे आणि पुन्हा त्याच बाकावर येऊन बसायचे. शहरात एकाहून अधिक स्थानके असली की गोंधळ आणखी वाढतो. जळगावचे जुने आणि नवीन बसस्थानक, धुळ्याचे मध्यवर्ती आणि देवपूरचे बसस्थानक हा भेद स्थानिकांच्या अंगवळणी पडला आहे. बाहेरून येणाऱ्याला तो सांगण्याची जबाबदारी मात्र रिक्षाचालकाने उचललेली असते, अर्थात भाडे घेऊन.

वेळापत्रकाचे फलक बहुतेक स्थानकांवर असतातच. ते रंगवण्यासाठी पैसा खर्च झालेला असतो आणि अक्षरेही सुवाच्य असतात. त्यांचा दोष एवढाच की ते ज्या दिवशी रंगवले त्या दिवशीचे सत्य सांगतात. नंतर फेऱ्या वाढतात, घटतात, वेळा सरकतात, पण भिंतीवरील रंग मात्र तसाच राहतो. काही काळाने त्या फलकाकडे पाहणेच लोक सोडून देतात आणि मग तो अद्ययावत करण्याची निकडही कोणाला उरत नाही. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीच्या भाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली आणि ती त्या दिवसापासून प्रत्येक तिकिटावर वसूल होऊ लागली. भाड्याच्या बाबतीत जी तत्परता शक्य होते, ती वेळेच्या बाबतीत अशक्य का ठरावी?

सवलतींच्या माहितीचीही अशीच स्थिती आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास, या दोन निर्णयांनी बसस्थानकांवरील गर्दीचे स्वरूपच बदलले. पूर्वी वर्षातून दोनदा माहेरी जाणारी सासुरवाशीण आता सणावाराला जाऊ लागली. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. धुळ्याहून सुरतेला, शिरपूरहून सेंधव्याला किंवा रावेरहून बऱ्हाणपूरला निघालेल्या आजींना हद्दीपलीकडचे भाडे गाडीत बसल्यावर कळते आणि मग त्या बिचाऱ्या वाहकावरच संतापतात. सीमेलगतच्या प्रदेशात ही सूचना चौकशीच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत असावयास हवी. त्याला लागतो तो एक पत्रा आणि एक रंगारी.

मात्र सर्वांत निष्ठुर प्रकार वेगळाच आहे, आणि तो म्हणजे रद्द झालेल्या फेरीविषयीचे मौन. गाडी नादुरुस्त होते, चालक आजारी पडतो, लग्नसराईत किंवा निवडणुकीत गाड्या अन्यत्र वळवल्या जातात. हे सारे घडणारच. कोणताही समंजस प्रवासी त्याबद्दल एसटीला फासावर चढवणार नाही. पण साडेचारची गाडी येणार नाही हे आगारात तीन वाजता निश्चित झालेले असताना, फलाटावरील पन्नास माणसे सहा वाजेपर्यंत तिची वाट पाहत बसतात, हे अक्षम्य आहे. तीन वाजता सांगितले असते तर कोणी दुसऱ्या मार्गाने गेले असते, कोणी नातलगाकडे मुक्काम ठोकला असता, कोणी घरी निरोप धाडला असता. सहा वाजता या तिन्ही वाटा बंद झालेल्या असतात. हिवाळ्यात तर अंधार पडलेला असतो आणि गावाच्या फाट्यापासून घरापर्यंतचे अंतर अजून चालायचे असते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. ही योजना उत्तमच आहे. परंतु शेवटची गाडी येईल की नाही याची खात्री नसेल, तर बाप पासाकडे पाहत नाही, घड्याळाकडे पाहतो आणि दहावीनंतर मुलीला घरी बसवतो. त्या मुलीच्या शिक्षणखंडाचे कारण सरकारी कागदावर ‘कौटुंबिक’ असे लिहिले जाते.

जिथे संस्था बोलत नाही, तिथे शांतता राहत नाही. दुसरा कोणीतरी बोलू लागतो. कोणत्याही बसस्थानकाच्या फाटकाबाहेर क्षणभर उभे राहिले तरी हे ऐकू येते. ‘पाचोरा, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव’, ‘चला साक्री, पिंपळनेर’ अशा खणखणीत आरोळ्या तिथे चालू असतात. बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खासगी प्रवासी वाहने उभी करू नयेत, हा नियम पुकारणाऱ्यालाही पाठ असतो. पण तो जे सांगतो ते पाहा. गाडी कुठे जाणार, मध्ये कुठे थांबणार, किती वेळात निघणार आणि किती पैसे पडणार. प्रवाशाला जे जे हवे ते सारे एका दमात, त्याच्या भाषेत, बहुधा अहिराणीत. खानदेशातील सर्वांत कार्यक्षम चौकशी केंद्र फाटकाच्या आत नाही, बाहेर आहे. त्या काळीपिवळीत क्षमतेच्या दुप्पट माणसे कोंबली जातात आणि लहान मुले मांडीवर बसवली जातात, हे ठाऊक असूनही माणूस तिकडे वळतो, कारण तिथे त्याला कोणीतरी उत्तर दिलेले असते. २०२५ मध्ये महामंडळाची जी श्वेतपत्रिका मांडली गेली, तीत संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर दाखवला आहे. त्याची कारणे अनेक आहेत, इंधनापासून अतिरिक्त मनुष्यबळापर्यंत सर्वांची चर्चा झाली. फलाटावर उभा असलेला, एसटीतच बसण्याची इच्छा असलेला प्रवासी केवळ उत्तर न मिळाल्याने बाहेर गेला, त्याचा हिशेब त्या तोट्यात कुठे मांडला आहे, हे शोधावे लागेल.

माहितीच्या या पोकळीत पैशाखेरीज आणखीही काही गमावले जाऊ शकते, याचा दारुण प्रत्यय पुण्याने दिला. खानदेशातील हजारो मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात आहेत. शनिवार-रविवारी, सणासुदीला त्यांचे गावी जाणे-येणे एसटीनेच होते आणि पहाटेच्या अंधारात अनोळखी स्थानकावर एकटे उभे राहणे हा त्यांच्या जीवनक्रमाचा भाग आहे. म्हणूनच २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट स्थानकात जे घडले, त्याने इथल्या आईबापांचीही झोप उडवली. फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणीला ‘तुमची गाडी इथे लागत नाही, तिकडे उभी आहे’ असे सांगून एका उभ्या शिवशाही गाडीत नेण्यात आले आणि तिच्यावर अत्याचार झाला, असा तपासात नोंदवलेला आरोप आहे. त्यानंतर सुरक्षारक्षक, दिवे, कॅमेरे, पडीक गाड्या यांवर भरपूर बोलले गेले आणि ते योग्यच होते. परंतु त्या कथित फसवणुकीचे पहिले साधन काय होते, याकडे लक्ष कमीच गेले. ते साधन होते एक खोटी माहिती. फलटणची गाडी कोणत्या फलाटावर आणि किती वाजता लागणार, हे डोक्यावरच्या फलकावर लिहिलेले असते, ध्वनिक्षेपकावर दर पाच मिनिटांनी पुकारले जात असते, तर ‘तिकडे उभी आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवण्याचे कारणच उरले नसते. जिथे अधिकृत उत्तर मिळत नाही, तिथे अनोळखी माणसाचा शब्द मानण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तो माणूस सज्जनच असेल याची हमी कोण देणार?

तुलना करायची तर दूर जाण्याची आवश्यकता नाही. जळगावचा माणूस रेल्वेस्थानकावर गेला की त्याला आपली गाडी सध्या कोठे आहे, किती मिनिटे उशिरा धावते आहे, कोणत्या फलाटावर येणार आहे हे फलकावर दिसते आणि कानावरही पडते. घरी बसून १३९ क्रमांकावर विचारले तरी कळते. रेल्वे वेळेवर धावते असा दावा तिचा कट्टर चाहताही करणार नाही. पण ती उशीर सांगून करते, आणि सांगून केलेला उशीर माणूस सोसतो. याच खानदेशातील नवापूरचे रेल्वेस्थानक तर देशात प्रसिद्ध आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत येतो, आणि तिथल्या सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत दिल्या जातात. राज्याच्या कारभाराची भाषा मराठी, म्हणून बसस्थानकावर मराठीला पहिला मान असावा यात दुमत नाही. परंतु सीमेवरच्या स्थानकात सुरतेच्या गाडीची वेळ गुजरातीतही लिहिली तर मराठीला कोणताही कमीपणा येत नाही. आणि मराठीचा अभिमान खरा असेल तर तो अगोदर पुसट झालेल्या मराठी पाटीवर रंगाचा हात फिरवून दाखवावा.

लिहिलेल्या शब्दाला मर्यादा आहे, हेही खानदेशाने विसरू नये. ज्यांच्या नावाने २०१८ पासून इथले विद्यापीठ ओळखले जाते, त्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी जे रचले ते इतरांनी ऐकून टिपून ठेवले. त्यांच्यासारख्या, ऐकूनच जग जाणणाऱ्या बाया आजही यावल-रावेरच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या असतात. दृष्टिहीन प्रवासी असतात, मोतीबिंदू झालेले आजोबा असतात. त्यांच्यासाठी फलक कितीही चकचकीत केला तरी तो मुकाच. स्पष्ट आवाजात, सावकाश आणि दोनदा केलेली उद्घोषणा हीच त्यांची माहिती. ती प्रमाण मराठीत व्हावी आणि जोडीला अहिराणीतही व्हावी. धडगाव, अक्कलकुव्याच्या बाजूला पावरी-भिलीत एक वाक्य उमटले तर ज्या आदिवासी बांधवांना सरकारी जागेत कायम परकेपणा वाटतो, त्यांना ती जागा आपली वाटू लागेल. पुष्कळ स्थानकांवर ध्वनिक्षेपक असतो, पण त्यातून येणारा आवाज गाड्यांच्या घरघरीत असा मिसळतो की शेवटच्या ‘लक्ष द्यावे’ खेरीज काही हाती लागत नाही.

आता यंत्रयुगाचा विषय. सार्वजनिक वाहनांत त्यांचे स्थान सांगणारे उपकरण बसवणे केंद्राच्या नियमांनी २०१९ पासून नव्या वाहनांसाठी बंधनकारक झाले. महामंडळानेही गाड्यांवर अशी यंत्रणा बसवली आणि २०२५ साली ‘आपली एसटी’ या नावाचे मोबाइल ॲप प्रवाशांसाठी आणले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण त्याने बसस्थानकाची जबाबदारी संपत नाही. साधा फोन वापरणारी आजी ॲप उघडू शकत नाही आणि मजुराच्या मोबाइलमध्ये इंटरनेट असेलच असे नाही. शिवाय ज्या यंत्राला गाडी कुठे आहे हे ठाऊक आहे, त्याने ते आधी फलाटावर सांगावे. लंडनमध्ये बस किती मिनिटांत येणार हे थांब्यावरच दाखवणाऱ्या फलकांचा प्रयोग १९९२ साली झाला, तेव्हा कोणाच्या खिशात असा मोबाइल नव्हता. माहिती उपलब्ध असूनही ती जागेवर न पोहोचणे, हा आता तंत्राचा प्रश्न राहिलेला नाही. तो इच्छेचा आहे.

आणि एसटीला हे जमत नाही, असेही नाही. आषाढी वारीच्या काळात पंढरपुरात महामंडळ पाच हजारांहून अधिक जादा गाड्या सोडते, विभागवार तात्पुरती स्थानके उभारते, कोणत्या जिल्ह्याची गाडी कोणत्या स्थानकातून सुटणार हे आधी जाहीर करते आणि रात्रंदिवस माणसे उभी करून मार्गदर्शन करते. लाखो वारकरी त्या व्यवस्थेवर विसंबून घरी परततात. चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेला खानदेशातून जी रीघ लागते, तेव्हाही जादा गाड्यांची अशीच आखणी होते. म्हणजे ज्ञान आहे, सवय आहे, निष्ठेने राबणारी माणसे आहेत. जे यात्रेच्या दिवसांत साधते ते वर्षभर का साधू नये, हा प्रश्न महामंडळाच्या अधिकाऱ्यांनी स्वतःलाच विचारावा.

चौकशीच्या खिडकीमागे बसलेल्या वाहतूक नियंत्रकावर सारे खापर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. गाड्यांची नोंद, चालक-वाहकांच्या पाळ्या, पासवाल्यांची तक्रार, फोन आणि वर प्रवाशांची रांग, हे सारे एकाच माणसाच्या माथी मारलेले असते. तोच प्रश्न दिवसात पाचशे वेळा ऐकला की देवमाणसाचाही तोल जाईल. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या संपाने या कर्मचाऱ्यांची होरपळ साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहे. खरे तर योग्य फलक हा प्रवाशाइतकाच त्या नियंत्रकावरही उपकार ठरेल. ज्या प्रश्नाचे उत्तर भिंतीवर आहे तो खिडकीत येत नाही. रद्द फेऱ्यांसाठी एक साधा फळा, त्यावर तारीख, गाडीची वेळ, मार्ग आणि पुढची गाडी कोणती एवढा तपशील, आणि तो लिहिण्याची जबाबदारी पाळीनुसार एका नेमलेल्या व्यक्तीवर. इतक्या अल्प खर्चाची सुधारणा सरकारी व्यवस्थेत क्वचितच आढळेल.

तरीही सारे महामंडळानेच करावे आणि समाजाने बाकावर बसून टीका करावी, ही वृत्तीही बरी नव्हे. केनियाच्या नैरोबी शहरात खासगी मिनीबसचे जाळे इतके विस्कळीत होते की त्याचा नकाशा सरकारकडेही नव्हता. तेथील विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी परदेशी विद्यापीठांच्या साहाय्याने मोबाइल हाती घेऊन गाड्यांतून प्रवास केला, थांबे टिपले, मार्ग आखले आणि २०१४ साली सव्वाशेहून अधिक मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला. पुढे शहराच्या प्रशासनाने तोच अधिकृत म्हणून स्वीकारला. जळगावात विद्यापीठ आहे, धुळ्यात महाविद्यालये आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत. वर्षानुवर्षे त्याच टेकडीवर तीच झाडे लावणाऱ्या एखाद्या शिबिराने एका आठवड्यासाठी तालुक्याचे बसस्थानक दत्तक घेतले, प्रत्यक्षात सुटणाऱ्या गाड्यांची वेळ, मार्ग आणि फलाट पहाटेपासून रात्रीपर्यंत टिपले, आगार व्यवस्थापकांकडून ते तपासून घेतले आणि फलक रंगवून दिला, तर त्या विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्याचा भूगोल जितका कळेल तितका कोणत्याही क्रमिक पुस्तकातून कळणार नाही.

कायदाही प्रवाशाच्या बाजूने आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केला. केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा की नागरिकाने अर्ज करण्याची वेळच येऊ नये, इतकी माहिती सार्वजनिक संस्थेने आपण होऊन प्रसिद्ध करावी. वाहतूक हेच ज्या संस्थेचे कार्य, तिच्यासाठी अशा माहितीत वेळापत्रकाचा क्रमांक पहिला लागतो. ग्राहक संरक्षण कायद्यानेही सेवेविषयी माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा वजन-मापातील फसवणूक ही ग्राहकाची मोठी तक्रार होती. एसटीचा प्रवासी हाही ग्राहकच, आणि त्याच्या सेवेत वेळ हेच माप आहे. दर वर्षी २४ डिसेंबरला ग्राहक दिनाची व्याख्याने सभागृहात होतात. यंदा एखादे व्याख्यान बसस्थानकाच्या आवारात ठेवून, तिथला फलक प्रत्यक्ष गाड्यांशी ताडून पाहता येईल.

महामंडळाने जुलै २०२४ मध्ये आगारपातळीवर ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला, त्यात प्रवाशाने थेट विभागाच्या अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडावी अशी योजना आहे. तक्रार तोंडी सांगितली की ती हवेत विरते, म्हणून ती लेखी असावी आणि एकट्याची नसावी. ग्रामपंचायत, शाळेचे मुख्याध्यापक आणि महिला बचत गट यांच्या सह्यांनिशी गावागणिक एकच मागणी करावी. आपल्या गावाची संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता, कोणत्या फलाटावरून सुटते हे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या बसस्थानकावर दुरून वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे, आणि ती रद्द झाली तर निदान दोन तास आधी फळ्यावर मांडून ध्वनिक्षेपकावर पुकारावे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा-महाविद्यालये पुन्हा भरतात तेव्हा दिवस लहान झालेले असतात. हे अर्ज त्याआधी विभाग नियंत्रकांच्या मेजावर पोहोचलेले असावेत.